चिकणमाती, कडक ऊन आणि हिरवळ: आधी वापसा बघा

तुमच्या प्रश्नातली लक्षणं आधी एकत्र मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. जमीन चिकणमातीची, ऊन भरपूर. गेल्या वर्षी संकरित बर्म्युडा गवताचं तयार कार्पेट (मातीच्या थरासकट उचलून आणलेलं गवत) आणून अंथरलं आणि पहिले काही महिने ते छान दिसलं. आता मध्येच पिवळे डाग पडलेत. सखल कोपऱ्यात पाणी साचून हिरवट, बुळबुळीत थर आलाय. कडेला फवारा पोहोचत नाही तिथे बोट जाईल एवढ्या भेगा आहेत आणि भिंतीलगत गवत विरळ होत चाललंय. पाणी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं. विचारलंय ते असं, की वाळू पसरू, जिप्सम (कॅल्शियमचं खनिज) टाकू की खत वाढवू?

वाळू नको. जिप्सम चाचणीशिवाय नको. खत सध्या थांबवा. आज फक्त फवाऱ्याचा टाइमर बंद करा आणि पिवळ्या डागात कुदळीने वीतभर लांबी-रुंदीचा चौकोन कापून वर काढा. त्या चौकोनात जे दिसेल त्यावर पुढचं सगळं ठरतं.

अशाच तक्रारीच्या एका हिरवळीत मी काढलेला चौकोन अजून डोळ्यांसमोर आहे. वर दोन बोटं जाडीची लालसर माती होती, म्हणजे कार्पेटबरोबर आलेली. तिच्याखाली मूळ जमिनीची काळपट-निळसर चिकण, आणि दोन्हींच्या मध्ये ओलसर चकाकणारी रेघ. मुळं त्या रेघेपर्यंत सरळ उतरली होती आणि तिथून आडवी वळली होती. टोकं तपकिरी, चिमटीत धरली की साल निघून आतला दोरा हातात यायचा. माती नाकाशी नेली तर कुजलेल्या अंड्याचा वास. मालकांना वाटत होतं गवत तहानलंय, म्हणून ते पाणी वाढवत होते. खरं तर गवताचा श्वास कोंडला होता.

तो वास कशाचा, हे कळलं की बाकीचा उलगडा आपोआप होतो. मातीच्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की हवा बाहेर जाते. ऑक्सिजन संपला की त्याच्याशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि त्यांच्यातले काही हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवरच ती पाणी आणि अन्नद्रव्यं ओढून घेतात. हवा नसली तर भोवती पाणी असूनही गवत दुपारी मान टाकतं, मातीत नत्र (नायट्रोजन) असूनही पिवळं पडतं. अशा वेळी वरून युरिया टाकणं म्हणजे धाप लागलेल्या माणसाला जेवायला बसवणं.

चिकणमाती मुळात वाईट नाही. उलट अन्नद्रव्यं धरून ठेवण्यात तिच्यासारखी माती नाही, आणि उन्हाळ्यात वालुकामय जमिनीवरचं लॉन दोन दिवसांत करपतं तिथे चिकणमाती आठवडा काढून देते. अडचण तिच्या कणांच्या आकारात आहे. चिकणाचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान. कण बारीक म्हणून मधल्या पोकळ्याही बारीक, आणि अशी पोकळी पाणी घट्ट धरून बसते, हवेला जागा देत नाही. मोठ्या पोकळ्या तयार होतात त्या कणांचे रवाळ पुंजके बनले तरच. हे पुंजके सेंद्रिय पदार्थ, मुळं, बुरशीचे धागे आणि गांडुळं बांधतात. ओल्या मातीवरची वर्दळ ते मोडते.

आता तुमच्या पंधरा मिनिटांचा हिशोब करू. एका जागी उभे राहून फवारणारे स्प्रिंकलर साधारणपणे तासाला ३० ते ४० मिलिमीटर पाणी टाकतात, म्हणजे पंधरा मिनिटांत ८ ते १० मिलिमीटर. दबलेली चिकणमाती एकदा वरून भिजली की तासाला ५ मिलिमीटरसुद्धा आत घेत नाही. राहिलेलं पाणी उताराने तुमच्या सखल कोपऱ्यात जातं. आठवड्याची बेरीज होते ५५ ते ७० मिलिमीटर, आणि बर्म्युडाला कडक उन्हातही २५ ते ३५ मिलिमीटर सहसा पुरतं. म्हणजे पाणी दुप्पट, तरी ते चार-पाच सेंटिमीटरच्या खाली धड गेलेलंच नाही. वर कायम चिखल, खाली कोरडं, आणि मुळं त्या वरच्या चिखलातच अडकलेली. भेगा आणि शेवाळ एकाच हिरवळीत कसे, याचं उत्तर यात आहे. त्यातून पाणी संध्याकाळी, म्हणजे पात रात्रभर ओली. करपा आणि इतर बुरशींना आणखी काय हवं?

शेतकरी ज्याला वापसा म्हणतो तोच लॉनवाल्याने शिकायचा. पाऊस किंवा पाणी होऊन गेलं, जादा पाणी निचरून गेलं, मोठ्या पोकळ्यांत हवा शिरली आणि बारीक पोकळ्यांत ओल राहिली, की जमीन वापशावर आली. शेतात आपण वापसा पेरणीसाठी आणि कोळपणीसाठी बघतो. हिरवळीत मात्र पाणी देणं, कापणं, भोकं पाडणं, चालणं, सगळंच त्यावर ठरवायचं. चिकणमातीच्या बाबतीत मला एवढं एकच सांगायचंय, बाकीचं त्याच्याच ओघात येईल.

वापसा बघायला उपकरण लागत नाही. सात-आठ सेंटिमीटर खालची मूठभर माती घ्या आणि दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने ढकलल्यावर भुरभुरला, तर वापसा आहे. अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबून चकचकीत पट्टी निघत असेल तर अजून ओली आहे, त्या दिवशी हिरवळीवर पायही नको. गोळाच होत नसेल आणि ढेकूळ टणक लागत असेल तर पाण्याची वेळ झाली. याच्या जोडीला लांब स्क्रूड्रायव्हर हाताशी ठेवा. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी तो हाताच्या जोराने १५ सेंटिमीटर आत जायला हवा. जिथे अडेल तिथपर्यंतच तुमचं पाणी पोहोचलं, किंवा तिथून पुढे माती दबलेली आहे.

गवत स्वतःही सांगतं. तहान लागली की बर्म्युडाचा ताजा हिरवा रंग उतरून निळसर-करडा होतो, पात कडेने मिटते, आणि चालून गेलात की पावलांचे ठसे बराच वेळ उठत नाहीत. हे संध्याकाळी दिसलं तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी द्या. दुपारी दिसून संध्याकाळी नाहीसं झालं तर घाई नको.

पाणी द्यायचं ते टप्प्याटप्प्याने. आधी सरळ कडांचे चार-पाच डबे हिरवळीवर वेगवेगळ्या जागी ठेवून पंधरा मिनिटं फवारा चालवा आणि प्रत्येक डब्यातलं पाणी पट्टीने मोजा. डब्याडब्यांत फरक निघेल आणि तुमच्या भेगा असलेल्या कडेचा डबा जवळजवळ कोरडा असेल. आधी फवाऱ्याची तोंडं नीट करा. मग लागोपाठ पाणी न देता सात-आठ मिनिटं फवारा, पाऊण-एक तास विश्रांती, परत सात-आठ मिनिटं, असे तीन फेरे एका पहाटेत करा. पाणी पृष्ठभागावर चमकू लागलं की तो फेरा तिथेच थांबवायचा, घड्याळाकडे बघायचं नाही. १२ ते १५ मिलिमीटर असं जिरवलं की पुन्हा वापसा सरून माती कोरडी होईपर्यंत थांबा. उन्हाळ्यात हे अंतर तीन-चार दिवसांचं होईल, थंडीत दहा-बारा दिवसांचंही. १०० चौरस मीटरला १५ मिलिमीटर म्हणजे १५०० लिटर पाणी. टाकीचा हिशोब त्यावर करा. सुरुवातीला मुळं उथळ आहेत, म्हणून एकदम चार दिवसांवर जाऊ नका. आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, असं महिनाभरात ताणत न्या. मुळं ओलीमागे खाली जातात, पण वरची ओल थोडी हटल्याशिवाय त्यांना खाली जायचं कारणच नसतं.

आता वाळू. हा सल्ला इतका पसरलाय की मी त्यावर वेळ घालवतो. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली की वाळूचे कण सुटे-सुटे राहतात आणि त्यांच्या मधली जागा चिकण भरून टाकतं. पोकळी वाढत नाही, उलट वाळल्यावर माती विटेसारखी होते. फरक पडायला वाळूचे कण एकमेकांना टेकले पाहिजेत, म्हणजे मिश्रणात निम्म्याहून बरीच जास्त वाळू हवी. तेवढी वाळू घालणं म्हणजे माती बदलणंच झालं. खेळाच्या मैदानांवर वाळू वापरतात हे खरं, पण तिथे मुळांचा सगळा थरच वाळूचा बांधलेला असतो आणि खाली निचऱ्याच्या नळ्या असतात. नुसती वर पसरलेली वाळूही घात करते. जाड कणांच्या थरातून पाणी झरझर उतरतं आणि खालच्या चिकणावर येऊन थांबतं. तुमच्या कार्पेटबरोबर आलेल्या मातीचं नेमकं हेच झालं असण्याची शक्यता मला दाट वाटते.

जिप्समबद्दल लोक ठामपणे बोलतात, पण ते एकाच रोगाचं औषध आहे. मातीत सोडियम जास्त असेल, म्हणजे जमीन चोपण असेल, तर जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि विस्कटलेले कण पुन्हा पुंजके करू लागतात. सुटलेलं सोडियम मात्र पाण्याने धुऊन खाली जायला निचरा लागतोच. सोडियम नसेल तर जिप्समने दबलेली माती सुटत नाही. घरी एक सोपी परीक्षा होते. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घ्या आणि वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा. हलवू नका. काही तासांनी ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं तर सोडियमची शंका घ्या आणि माती परीक्षण करून प्रमाण ठरवा. ढेकूळ नुसतं विरघळून बसलं पण पाणी नितळ राहिलं तर दुखणं सेंद्रिय पदार्थांच्या कमतरतेचं आहे, त्यावर कंपोस्ट. नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांमुळे खरं उत्तर लपतं.

तुमच्याकडे उगवलेली हिरवळ आहे, म्हणून उखडून नांगरायची गरज नाही. पोकळ दातांच्या यंत्राने भोकं पाडायची आणि त्यांत कंपोस्ट उतरवायचं. दात पोकळच हवेत. बागेतला भरीव काटा किंवा खिळ्यांच्या चपला माती बाजूला दाबतात, आणि ओल्या चिकणात तर भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. पोकळ दात मातीची गुंडी बाहेर काढतो, म्हणजे खरोखर जागा होते. भोक दीड-दोन सेंटिमीटर रुंद, सात ते दहा सेंटिमीटर खोल, आणि दर आठ-दहा सेंटिमीटरवर एक. तुमच्याकडे हे दात कार्पेटची माती आणि मूळ चिकण यांच्या सांध्याखाली उतरले पाहिजेत, नाहीतर मेहनत फुकट. यंत्र पुरेसं खोल जात नसेल तर एक दिवस आधी पाणी द्या आणि वापशावर चालवा.

वेळ अशी निवडा की गवत जोमात आहे आणि पुढचे दोन महिने उबदार आहेत. बर्म्युडा मातीचं तापमान २४ ते ३० अंशांच्या दरम्यान असताना सर्वांत वेगाने वाढतो, आणि थंडीत सुस्तावलेला असताना भोकं पाडली तर ती भरून न येता तणांना आमंत्रण मिळतं. बाहेर पडलेल्या मातीच्या गुंड्या उचलून टाकू नका. दोन दिवस सुकू द्या, मग दाताळ्याच्या पाठीने फोडा. त्यावर पूर्ण कुजलेलं, चाळलेलं कंपोस्ट अर्धा ते एक सेंटिमीटर जाडीने पसरून खराट्याने भोकांत लोटा. पातीची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. १०० चौरस मीटरला अर्धा सेंटिमीटर म्हणजे अर्धा घनमीटर, साधारण तीस-पस्तीस घमेली. कच्चं शेणखत इथे चालत नाही. त्यात तणांचं बी असतं, हुमणीची अंडी-अळ्या असू शकतात, आणि कुजताना ते मुळांच्या वाट्याचा ऑक्सिजन खातं.

वर्षातून दोनदा, दोन-तीन वर्षं हे केलंत की तो सांधा पुसला जातो. मी घाईत असलेल्या लोकांना सुरुवातीलाच सांगतो: पहिल्या खेपेनंतर पंधरा दिवस हिरवळ वाईट दिसते. भोकं, माती, करडा रंग. घाबरून परत पाणी वाढवू नका.

सखल कोपऱ्याचं काम वेगळं आहे. तिथला बुळबुळीत थर सुकू द्या, दाताळ्याने खरवडून काढा आणि कोपरा उचला. खळगा दोन-तीन सेंटिमीटरच असेल तर तुमच्याच जमिनीची चाळलेली माती आणि कंपोस्ट निम्मं-निम्मं करून एका वेळी एक सेंटिमीटर भरा; गवत वर आलं की पुढचा थर. त्याहून खोल असेल तर कार्पेट चौकोन करून उचला, खालची माती कुदळीने खणून कंपोस्ट मिसळा, पातळी करा, कार्पेट परत बसवा. उतार दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर आणि घरापासून बाहेरच्या दिशेने. शेजारच्या फरसबंदीचं किंवा पत्र्याचं पाणी याच कोपऱ्यात उतरत असेल तर आधी ते वळवा, नाहीतर भराव कितीही केला तरी शेवाळ परतेल. लव्हाळा दिसला तर तोही ओलीच्या तक्रारीचा साक्षीदार समजा. नुसता उपटून तो जात नाही, खालच्या गाठी राहतात आणि पुन्हा फुटतात. खुरप्याने गाठीसकट काढत राहा आणि पाणी आवरा. कोरड्या, दाट हिरवळीत त्याचा जोर कमी होतो.

भेगांमध्ये वाळू किंवा चिखल ओतायचा नाही. बारीक कंपोस्ट भरा आणि कडेला झारीने थोडं-थोडं, दोन-तीन दिवस पाणी द्या. एकदम पाईप सोडलात तर पाणी भेगेतून थेट खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात.

कापणीचा नियम एकच: एका वेळी पातीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. संकरित बर्म्युडा दोन ते अडीच सेंटिमीटरवर ठेवायचा असेल तर साडेतीनच्या आसपास गेला की कापा. सध्या आजारी आहे तोवर मोअरचं (गवत कापायच्या यंत्राचं) पातं वरच्या खाचेत लावा. पात जितकी उंच, मुळं तितकी खोल. पात्याला धार हवी. कापल्यावर दुसऱ्या दिवशी टोकं पांढरट, फाटलेली दिसली तर पातं बोथट आहे. कापलेलं बारीक गवत तिथेच पडू द्या, त्यातलं नत्र परत मातीला मिळतं. ओल्या जमिनीवर मोअर फिरवू नका, आणि रोलर तर चिकणमातीवर आणूच नका. त्याने उंचवटे बसत नाहीत, हवा तेवढी निघून जाते.

खताकडे पांढरी नवी मुळं दिसू लागल्यावर वळा. तेव्हा चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र, म्हणजे १० ते ११ ग्रॅम युरिया, कोरड्या पातीवर समान फेकून लगेच हलकं पाणी. वाढीच्या हंगामात सहा-आठ आठवड्यांनी एकदा पुरतं. पोटॅश बहुतेक चिकणमातीत मुबलक असतं, आणि स्फुरद (फॉस्फरस) परीक्षणाशिवाय टाकायचं कारण नाही. निचरा सुधारूनही कोवळी पात पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या, तर जमीन चुनखडीची आहे आणि गवताला लोह मिळत नाही. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पातीवर फवारा. रंग दोन-चार दिवसांत फिरतो. फरशीवर शिंतोडे उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. आणि पिवळा डाग हाताने ओढल्यावर गवत सतरंजीसारखं उचललं जात असेल तर खाली पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली हुमणीची अळी शोधा. तिचा इलाज वेगळा आहे.

नव्याने लावणाऱ्यांसाठी थोडं. ५ सेंटिमीटर कंपोस्ट वरच्या १५ सेंटिमीटर मातीत मिसळा, तेही वापशावर आणि रोटाव्हेटरच्या एक-दोन फेऱ्यांतच. माती पिठासारखी केलीत तर पहिल्या पावसात पापुद्रा धरेल. बर्म्युडाला दिवसाचं सहा-आठ तास थेट ऊन लागतं. झोयसिया गवत सावकाश पसरतं, पण चिकणमातीत चिवट आहे आणि थोडी सावली सोसतं. पाणी किंवा जमीन खारट असेल तर सीशोर पास्पालम हे गवत बघा. टिफवेसारखे बर्म्युडाचे संकरित वाण बी धरत नाहीत, ते काड्यांनी (गवताच्या देठांच्या तुकड्यांनी) किंवा कार्पेटनेच लावतात. त्यांच्या नावाने कोणी बी विकत असेल तर घेऊ नका. मला स्वतःला चिकणमातीत काड्या टोचलेली हिरवळ जास्त आवडते. दोन महिने उशीर होतो, पण मुळं पहिल्या दिवसापासून तुमच्याच मातीत असतात.

राहिली भिंतीलगतची विरळ पट्टी. तिथे दिवसभरात किती तास ऊन पडतं ते एकदा घड्याळ लावून मोजा. चार तासांपेक्षा कमी भरलं तर तिथे बर्म्युडा टिकणार नाही, कितीही भोकं पाडा. सेंट ऑगस्टीनसारखं रुंद पातीचं गवत लावून सहा ते आठ सेंटिमीटर उंच ठेवता येईल. दोन-तीन तासच ऊन असेल तर तिथे गवताचा हट्ट सोडून सावलीतली झाडं लावा, नाहीतर फरशीचे तुकडे टाकून पायवाट करा. वर्दळ त्या वाटेने गेली तर बाकीची हिरवळही कमी तुडवली जाईल.